साथीतली मोजणी आणि वजाबाकी

31 मे 2021 रोजी पेरू देशाने कोरोनाने गेलेल्यांचा आपला आकडा बदलला. आधी तो 69,342 होता, त्या दिवशी 1,80,764 झाला. एका दिवसात लाखभर माणसं मेली नव्हती. ती आधीच्या पंधराएक महिन्यांत गेली होती आणि त्यांच्या घरच्यांना ते पुरतं ठाऊक होतं. चाचणीचा पॉझिटिव्ह अहवाल हाताशी नव्हता म्हणून सरकारी यादीत त्यांना जागा मिळाली नव्हती. तज्ज्ञांच्या समितीने निकष रुंद केले, जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक मृत्यू झालेला देश म्हणून पेरूचं नाव जगाच्या यादीत सगळ्यात वर गेलं.

साथ चालू असताना रोज जो आकडा सांगितला जातो त्याच्याकडे पाहताना हा प्रसंग मी विसरू शकत नाही. तो आकडा म्हणजे ठरलेल्या व्याख्येत बसून, कागदावर उतरून त्या दिवसापर्यंत वर पोहोचलेल्या नोंदींची बेरीज. व्याख्या बदलली की बेरीज बदलते. कागद अडकला की बेरीज थांबते, रोग थांबत नाही. आणि ही अडचण निदान चारशे वर्षं जुनी आहे.

लंडनमध्ये सोळाव्या शतकापासून मृत्यूंचे तक्ते काढले जात, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते दर आठवड्याला नेमाने निघू लागले. कारण प्लेग. श्रीमंतांना शहर सोडून कधी जायचं याचा अंदाज या तक्त्यांवरून यायचा. चर्चच्या प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, शपथ दिलेल्या म्हाताऱ्या बायका असत. कोणी मेलं की त्या जाऊन प्रेत पाहत, घरच्यांना विचारत आणि मृत्यूचं कारण सांगत. पॅरिशचा कारकून ते लिहून घेई. मंगळवारी रात्री हिशेब जमा व्हायचे, बुधवारी बेरीज होऊन छपाई, गुरुवारी तक्ता लोकांच्या हातात. रकान्यांत ‘वार्धक्य’, ‘ताप’, ‘अचानक’, इतकंच काय, ‘दात’ असंही कारण असे. त्या बायका वैद्य नव्हत्या, पण त्यांना हसण्यात अर्थ नाही. प्लेगच्या घरात पाऊल टाकून प्रेत उलटंपालटं करून पाहणं हे त्या काळचं सर्वांत धोक्याचं सरकारी काम असावं, आणि ते गरीब म्हाताऱ्या बायकांच्या वाट्याला आलं होतं.

जॉन ग्राँट हा लंडनचा कापडाचा व्यापारी. त्याने हे तक्ते वर्षानुवर्षांचे गोळा केले, शेजारी शेजारी मांडले आणि 1662 मध्ये आपली निरीक्षणं छापली. त्यातला एक हिशेब मला फार मोलाचा वाटतो. 1625 हे प्लेगचं वर्ष. त्या वर्षी लंडनमध्ये सुमारे 54 हजार माणसं पुरली गेली आणि त्यांतल्या सुमारे 35 हजारांपुढे ‘प्लेग’ लिहिलेलं होतं. उरले 18 हजारांवर, म्हणजे इतर कारणांनी मेलेले. ग्राँटने आगची-मागची वर्षं पाहिली. एरवी इतर कारणांनी वर्षाला सात-आठ हजार माणसं मरत. मग याच वर्षी बाकीचे सगळे रोग एकाएकी दुपटीहून जास्त का बळावले? ते बळावले नव्हते. प्लेगचेच मृत्यू दुसऱ्या नावाखाली लिहिले गेले होते. त्याने निष्कर्ष काढला की प्लेगचा खरा आकडा छापलेल्या आकड्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने मोठा धरावा.

आज ज्याला ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतात तो हिशेब हाच. एरवी किती मेले असते ते ठरवायचं, प्रत्यक्षात किती मेले ते मोजायचं आणि पहिलं दुसऱ्यातून वजा करायचं. ना रोगाची चाचणी लागते, ना कोणाच्या प्रामाणिकपणावर विसंबावं लागतं. पुरलेलं प्रेत मोजलं गेलं एवढं पुरे.

प्लेगचा मृत्यू दुसऱ्या नावाखाली लपवायला लोकांकडे सबळ कारण होतं. प्लेगचा रोगी सापडला की घराला बाहेरून कुलूप लागे आणि आजारी, धडधाकट सगळे आत कोंडले जात. अशा वेळी तपासायला आलेल्या बाईच्या हातावर चार नाणी ठेवून ‘ताप’ लिहून घेणारा बाप मला समजू शकतो. 1665 च्या मोठ्या प्लेगात तक्त्यांनी 68,596 प्लेगमृत्यू दाखवले, पण इतिहासकार सुमारे एक लाख धरतात. जे सरकारी चर्चमध्ये पुरले जात नसत, उदाहरणार्थ क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे लोक किंवा ज्यू, त्यांची गणती तक्त्यात नव्हतीच. नोंद कळवणाऱ्यालाच जिथे शिक्षा भोगावी लागते तिथे नोंद कमी होते, हे त्यानंतरच्या प्रत्येक साथीत दिसलं आहे.

सगळ्या देशाची अशी मोजणी करायला चर्चबाहेरची यंत्रणा लागते. स्वीडनने 1749 पासून पाद्र्यांमार्फतच का होईना, देशभरची आकडेवारी गोळा करायला सुरुवात केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 जुलै 1837 पासून जन्म-मृत्यूची नागरी नोंदणी सुरू झाली. तिथल्या निबंधक कार्यालयात विल्यम फार नावाचा डॉक्टर आला आणि त्याने पुढची चाळीसेक वर्षं या नोंदींना वाहून घेतलं. रोगांचं वर्गीकरण केलं, डॉक्टरांना कारण नीट लिहायला लावलं, दर आठवड्याचे आकडे छापले. 1847 च्या इन्फ्लुएन्झात दाखल्यांवर ‘इन्फ्लुएन्झा’ लिहिलेले मृत्यू थोडे, पण एकूण मृत्यू फार वाढलेले, हे त्याने ग्राँटच्याच वजाबाकीने दाखवलं.

1854 च्या लंडनमधल्या पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत जॉन स्नो या डॉक्टरने दूषित पाण्याचा पंप शोधला ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्याने सुरुवात कुठून केली ते मात्र क्वचित सांगितलं जातं. तो निबंधक कार्यालयात गेला. 2 सप्टेंबरला संपलेल्या आठवड्यात लंडनच्या सोहो भागातून पटकीचे 89 मृत्यू नोंदले गेले होते आणि त्यांतले 83 शेवटच्या तीन दिवसांतले होते. पत्ते दाखल्यांवरच होते. ते घेऊन तो गल्ल्यांमधून फिरला. आठवड्याच्या आत पत्त्यासकट नोंद होत नसती तर नकाशा कशाचा काढला असता?

मग प्रश्न आला तो देशादेशांतल्या तुलनेचा. एकाचा ‘ताप’ तो दुसऱ्याचा ‘विषमज्वर’. 1893 मध्ये जाक बर्तियाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली आणि 1948 पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. तिच्यातलं मध्यवर्ती तत्त्व आजही तेच आहे: मृत्यूकडे नेणारी साखळी ज्या आजाराने सुरू झाली तो मूळ कारण. शेवटी हृदय थांबलं हे सगळ्यांच्याच बाबतीत खरं असतं, म्हणून ते कारण धरायचं नाही. आणि मधुमेह आधीपासून होता म्हणून साथीच्या रोगाला मोकळं सोडायचं नाही. ‘कोरोनाने गेला की कोरोना असताना गेला’ हा वाद 2020 मध्ये नव्याने उठला, पण दाखल्याच्या नमुन्यात त्याचं उत्तर आधीच होतं. एका भागात कारणांची साखळी, दुसऱ्या भागात हातभार लावणारे इतर आजार. तो दाखला नीट भरणारा डॉक्टर प्रत्येक मरणाऱ्याजवळ असतो असं नाही, खरी उणीव तिथे आहे.

मृत्यूपेक्षा बाधितांची मोजणी कितीतरी अवघड. प्रेत लपवणं कठीण, आजार लपवणं सोपं, आणि सौम्य आजार तर ज्याला झाला त्यालाही कळत नाही. संसर्गजन्य रोग कळवण्याची सक्ती करणारे कायदे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले, ब्रिटनमध्ये 1889 साली. पण 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा अनेक ठिकाणी इन्फ्लुएन्झा या कळवायच्या रोगांच्या यादीत नव्हताच. वर महायुद्धाची सेन्सॉरशिप. तटस्थ स्पेनमधली वर्तमानपत्रं मोकळेपणी लिहीत होती, म्हणून त्याच देशाचं नाव साथीला चिकटलं. ब्रिटिश भारतात मृत्यूची वर्दी गावचा चौकीदार किंवा पाटील देई आणि कारण बहुतेक वेळा एकच असे: ताप. खरी हानी काही अंशी कळली ती 1921 च्या जनगणनेत, जेव्हा दहा वर्षांपूर्वीपेक्षा माणसं कमी भरली. एकट्या भारतातल्या मृत्यूंचे अंदाज साधारण सव्वा कोटी ते 1.8 कोटी असे आहेत. जगाचा अंदाज 1927 मध्ये 2 कोटी 16 लाख होता, 1991 मध्ये 2.5 ते 3.9 कोटी झाला आणि 2002 मध्ये 5 कोटींपर्यंत गेला. पंच्याहत्तर वर्षांत मेलेल्यांची संख्या दुपटीहून जास्त झाली, कारण ज्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं अशा देशांच्या नोंदी हळूहळू उघडल्या गेल्या.

देवीच्या निर्मूलनाची मोहीम या विषयात वेगळी उठून दिसते. 1967 मध्ये जगभरातून देवीचे सुमारे 1 लाख 31 हजार रुग्ण कळवले गेले होते, आणि प्रत्यक्षात ते 1 ते 1.5 कोटी असावेत असा अंदाज आहे. शंभरातला एकच कागदावर येत होता. मोहिमेने जितकं लक्ष लसीकडे दिलं तितकंच मोजणीकडे दिलं. 1973 च्या शरदात भारतात घरोघरी जाऊन शोध सुरू झाला, रोग्याचं चित्र हातात धरून. पहिल्याच फेऱ्यांत नेहमीच्या साप्ताहिक अहवालांच्या कैकपट रुग्ण सापडले. वर्तमानपत्रांत आकडे उसळले, साथ हाताबाहेर गेली अशी ओरड झाली. ज्या अधिकाऱ्यांनी ते आकडे दडपले नाहीत त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण शून्याकडे जायचा रस्ता त्या उंच आकड्यावरूनच जात होता. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीसही ठेवलं गेलं, आणि ते वाढत वाढत 1000 रुपयांवर गेलं. प्लेगच्या लंडनमध्ये खबर देणाऱ्याच्या घराला कुलूप लागायचं, इथे खबर देणाऱ्याच्या हाती पैसे पडत होते. मे 1975 नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही.

प्रयोगशाळेच्या काळात नवी गफलत सुरू झाली. चाचणीने सिद्ध झालेला तोच रुग्ण, असं धरलं जाऊ लागलं. 2009 च्या स्वाइन फ्लूत चाचणीने सिद्ध झालेले मृत्यू जगभरात सुमारे 18,500 होते. नंतरच्या अभ्यासात तो आकडा दीड लाख ते पावणेसहा लाख यांच्या दरम्यान असावा असं निघालं. मृत्युदराचंही तसंच. 2003 मध्ये सार्स या श्वसनाच्या रोगाच्या साथीच्या सुरुवातीला शंभरात चार मरतात असं दिसत होतं, पण शेवटी 8,096 रुग्णांत 774 मृत्यू झाले, म्हणजे साडेनऊ टक्क्यांहून जास्त. विषाणू बदलला नव्हता. सुरुवातीला मोजलेले बरेच रुग्ण तेव्हा अजून अंथरुणावर होते आणि त्यांचा निकाल लागायचा होता.

22 जानेवारी 2020 रोजी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने कोरोनाचा जगाचा नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. साथीचे आकडे सामान्य माणसाच्या फोनवर जवळपास घडतील तसे येण्याची ही पहिलीच वेळ. पण नकाशामागची यंत्रणा जुनीच होती. 12 फेब्रुवारीला चीनच्या हुबेई प्रांताने चाचणीशिवाय, डॉक्टरांनी लक्षणांवरून ठरवलेले रुग्णही धरले आणि एका दिवसात 14,840 रुग्ण वाढले. 12 ऑगस्टला इंग्लंडने ठरवलं की पॉझिटिव्ह आल्यापासून 28 दिवसांत गेलेलेच मोजायचे. त्याआधी महिन्यांपूर्वी बरा होऊन नंतर कशानेही गेलेलाही धरला जात होता. त्या निर्णयाने 5,377 मृत्यू यादीतून उतरले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर इंग्लंडचे 15,841 रुग्ण आठवडाभर हिशेबातून गळाले, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फायलीत ठरावीक ओळींपलीकडे नोंदी मावल्या नाहीत. त्यांच्या संपर्कात आलेल्या हजारोंना वेळेवर कोणी कळवलं नाही. शनिवार-रविवारी आकडे खाली आणि मंगळवारी वर हा तर अनेक देशांतला नेम होता. रोगाला सुट्टी नसते, नोंदवणाऱ्याला असते.

म्हणून बाधितांच्या संख्येशेजारी ‘किती चाचण्यांत किती पॉझिटिव्ह’ हे प्रमाण ठेवायला लोक शिकले. ते प्रमाण चढत असेल तर शोध कमी पडतो आहे असं धरायचं, रुग्णसंख्या स्थिर दिसत असली तरी. मे 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्बंध सैल करण्यासाठी पाच टक्क्यांखालची मर्यादा सुचवली ती याच विचाराने.

मृत्यूंसाठी मात्र पुन्हा ग्राँटकडेच यावं लागलं. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 2020 आणि 2021 या दोन वर्षांतले अतिरिक्त मृत्यू 1 कोटी 49 लाखांच्या आसपास काढले. देशांनी कळवलेले मृत्यू 54 लाख होते. वजाबाकीला दोन संख्या लागतात, आणि जवळपास निम्म्या देशांकडे त्या काळातले सर्व कारणांचे देशभरचे मृत्यू पूर्णपणे उपलब्धच नव्हते. तिथे गणिती प्रारूपांवर भागवावं लागलं. भारतासाठी संघटनेने सुमारे 47 लाखांचा अंदाज दिला. सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता आणि सरकारने संघटनेच्या पद्धतीवर हरकत घेतली. दोन्ही बाजूंना पडताळून पाहायला देशाची मृत्युनोंदणी हाताशी असायला हवी होती. 2021 चा नोंदणी अहवाल मे 2025 मध्ये आला. 2020 मध्ये 81.2 लाख मृत्यू नोंदले गेले होते, 2021 मध्ये 1 कोटी 2 लाख. या वाढीतला काही भाग नोंदणी सुधारल्याचाही असणार, तो वेगळा काढणं आता संशोधकांचं काम आहे. ग्राँटच्या हातात असलेला 1625 चा तक्ता मृत्यू झाला त्या आठवड्यानंतरच्या गुरुवारी विकायला आला होता.