गर्भपातविरोधी चळवळ आणि अमेरिकेतील पुराणमतवादी राजकारण

गर्भपातावर कायद्याने बंदी असावी यासाठी अमेरिकेत १९६० च्या दशकापासून चाललेल्या चळवळीने रिपब्लिकन पक्षाचा मतदार, जाहीरनामा आणि न्यायाधीश निवडण्याची रीत बदलून टाकली. सर्वसाधारण जनमत तिच्या बाजूने फारसे झुकले नाही. तिचे बळ या एकाच प्रश्नावर मत देणाऱ्या आणि पक्षांतर्गत निवडणुकांत हमखास मतदान करणाऱ्या मतदारांत होते. महाराष्ट्रातील स्त्रीभ्रूणहत्याविरोधी चळवळ वेगळी आहे. तिचा रोख लिंगनिदानावर होता, कायदेशीर गर्भपाताच्या सोयीवर नव्हे.

प्रारंभी हा प्रश्न पक्षांत वाटला गेलेला नव्हता. कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी १९६७ मध्ये गर्भपातावरील निर्बंध सैल करणाऱ्या विधेयकावर सही केली. न्यूयॉर्कचे रिपब्लिकन गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी १९७० मध्ये तसेच केले, आणि दोन वर्षांनी विधिमंडळ तो कायदा रद्द करू लागले तेव्हा नकाराधिकार वापरून तो वाचवला. संघटित विरोध मुख्यतः कॅथलिकांचा होता, आणि कॅथलिक मतदार परंपरेने डेमोक्रॅटिक पक्षाचे. दक्षिणेतील प्रॉटेस्टंटांची मोठी संघटना सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हिने तर १९७१ च्या ठरावात बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक व मानसिक आरोग्याला धोका असल्यास गर्भपाताला मुभा असावी, असे म्हटले होते.

२२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताला घटनात्मक संरक्षण दिले. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांनीच नेमलेले होते. पुढच्या वर्षी त्याच तारखेला वॉशिंग्टनमध्ये पहिला ‘मार्च फॉर लाइफ’ निघाला. १९७६ च्या हाइड दुरुस्तीने मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून गर्भपातासाठी केंद्राचा पैसा देणे जवळजवळ बंद केले. चळवळीचे हे पहिले मोठे यश. त्याची झळ मात्र ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नव्हता अशा स्त्रियांनाच लागली.

इव्हँजेलिकल ख्रिस्ती (बायबलला सर्वोच्च प्रमाण मानणारे प्रॉटेस्टंट) या लढ्यात पुढे का आले, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. रँडल बाल्मर यांच्या मते त्यांच्या नेत्यांना राजकारणात खेचले ते वर्णभेद पाळणाऱ्या ख्रिस्ती शिक्षणसंस्थांची करसवलत काढून घेतल्याने. गर्भपाताचा मुद्दा नंतर जोडला गेला. हे सर्वांना पटलेले नाही. १९७९ मध्ये बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना स्थापन केली तोवर मात्र, एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणारे कॅथलिक आणि इव्हँजेलिकल या प्रश्नावर जवळ येऊ लागले होते. ही जवळीक पुढच्या चार दशकांच्या रिपब्लिकन राजकारणाचा कणा ठरली. १९८० च्या पक्षजाहीरनाम्यात गर्भपातबंदीसाठी घटनादुरुस्तीला पाठिंबा होताच, शिवाय ‘निरपराध मानवी जीवनाचे पावित्र्य’ मानणारे न्यायाधीश नेमण्याची ग्वाही होती. त्याच वर्षी रेगन निवडून आले.

घटनादुरुस्ती झाली नाही. न्यायाधीशांविषयीची ग्वाही मात्र चळवळीने धरून ठेवली, आणि तिचा खरा प्रभाव इथेच दिसतो. १९९२ मध्ये ‘प्लॅन्ड पॅरेंटहूड विरुद्ध केसी’ खटल्यात ‘रो’चा गाभा टिकला तो ओ’कॉनर, केनेडी आणि सूटर या तीन न्यायमूर्तींमुळे. तिघेही रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले. ‘पुन्हा सूटर नको’ ही तेव्हापासून पुराणमतवाद्यांची घोषणाच झाली. २००५ मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी हॅरिएट मायर्स यांचे नाव सुचवले, तेव्हा स्वपक्षीयांच्याच विरोधामुळे ते मागे घेतले गेले. १९९९ मध्ये स्वतःला गर्भपाताच्या हक्काचे समर्थक म्हणवणारे डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ मध्ये संभाव्य न्यायाधीशांची यादीच जाहीर करून या मतदारांचा विश्वास मिळवला. त्यांनी नेमलेल्या गॉर्सच, कॅव्हनॉ आणि बॅरेट यांच्या मतांमुळे २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्स’ निकालाने ‘रो’ रद्द झाला.

या विजयाने पक्षाची अडचण वाढवली. न्यायालयाचे संरक्षण होते तोवर कडक बंदीची मागणी करायला काही मोजावे लागत नव्हते. आता प्रत्येक बंदीचे परिणाम मतदारांसमोर उघड दिसू लागले. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससने आणि २०२३ मध्ये ओहायोने, दोन्ही रिपब्लिकनांकडे झुकलेल्या राज्यांनी, सार्वमतात गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. २०२४ मध्ये फ्लोरिडात ५७ टक्के मते हक्काच्या बाजूने पडली, पण तिथे ६० टक्क्यांची अट असल्याने दुरुस्ती फेटाळली गेली. त्याच वर्षी रिपब्लिकन जाहीरनाम्याने देशव्यापी बंदीची मागणी वगळून प्रश्न राज्यांवर सोडला. माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. चळवळीतील एक गट आता मिफेप्रिस्टोन या गर्भपाताच्या गोळीकडे वळला आहे. ती टपालाने पाठवणे रोखण्यासाठी अश्लील साहित्य आणि गर्भपाताची साधने टपालाने पाठवण्यास मनाई करणारा १८७३ चा कॉमस्टॉक कायदा वापरावा, असा त्याचा आग्रह आहे.