क्रिस्तिना : राज्य सोडले, राजपद नव्हे

स्वीडनच्या क्रिस्तिना राणीविषयी लिहिताना ‘पदत्याग’ हा शब्द सर्रास वापरला जातो आणि तिच्या उत्तरायुष्याविषयीचा बराचसा घोळ त्याच शब्दापासून सुरू होतो. ६ जून १६५४ रोजी उप्सालाच्या किल्ल्यात तिने सोडले ते राज्य. राजपद तिने स्वतःकडेच ठेवले. वडील रणांगणावर पडल्यामुळे वयाच्या सहाव्या वर्षी मिळालेली गादी, राजपुत्राला द्यावे तसे शिक्षण, लग्नाला ठाम नकार आणि आतेभावाला वारस नेमणे, हा आधीचा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. त्या दिवशी तिच्या मस्तकावरचा मुकुट उतरवण्याचे काम ज्या ज्येष्ठ सरदाराकडे होते, तो जागचा हलेना, तेव्हा तिने तो स्वतःच्याच हातांनी उतरवला. मुकुट गेला तरी कागदावर बरेच काही शिल्लक होते: गॉटलंड, ओलंड अशा बेटांचे आणि पोमेरेनियातील काही मुलखाचे उत्पन्न, आपण कोणाचीही प्रजा नाही अशी मान्यता आणि स्वतःच्या पदरी असलेल्या माणसांवरचा न्यायाधिकार.

यातली शेवटची अट तीन वर्षांनी भलतीच महाग पडली. दरम्यान तिने ब्रसेल्समध्ये गुपचूप आणि १६५५ मध्ये इन्सब्रुकला जाहीरपणे कॅथलिक पंथ स्वीकारला होता. प्रॉटेस्टंट पक्षासाठी लढताना मेलेल्या राजाची मुलगी रोमला गेली, याचा पोपच्या दरबाराला झालेला आनंद आणि स्वीडनला बसलेला धक्का सारखाच मोठा होता. पैसा मात्र मायदेशातून वेळेवर येईना. स्पेनच्या ताब्यातील नेपल्सचे राज्य फ्रान्सच्या मदतीने मिळवावे, असा बेत तिने आखला. तो बेत फोडल्याचा संशय तिचा अश्वशाळाप्रमुख मोनाल्देस्की याच्यावर आला आणि त्याची पत्रे तिच्या हाती लागली.

फ्रान्सच्या राजाची पाहुणी म्हणून ती फाँतेनब्लो येथील राजवाड्यात उतरली होती. १० नोव्हेंबर १६५७ रोजी तेथील ‘हरणांच्या दालनात’ तिने मोनाल्देस्कीपुढे ती पत्रे टाकली. पाद्री हजर होता. काही दिवसांपूर्वी त्याच्याकडेच तिने पत्रांचे मोहोरबंद पुडके सांभाळायला दिले होते. मोनाल्देस्कीने पाय धरले, पाद्र्याने रदबदली केली, निदान प्रकरण यजमान राजाच्या न्यायासनापुढे न्यावे असेही सुचवले; पण माझ्या माणसाचा न्याय मीच करणार, हे तिचे उत्तर बदलले नाही. कपड्यांखाली त्याने चिलखत घातलेले असल्याने तलवारीचे वार नीट बसेनात आणि मरण बराच वेळ लांबले. त्याला जवळच्या आव्हों गावच्या चर्चमध्ये पुरण्यात आले, आणि त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून पैसे दिले ते राणीनेच.

हा खून की शिक्षा, यावर युरोपातील विद्वानांनी पुढे पुष्कळ शाई खर्च केली. नोकरांच्या आपसातल्या भांडणात तो मेला असे सांगावे, ही फ्रेंच मुख्यमंत्र्यांची सूचना तिने धुडकावली आणि जबाबदारी उघडपणे स्वीकारली. राज्य नसलेल्या राणीलाही आपल्या सेवकावर प्राणदंडाचा हक्क उरतो, असे मानणारे कायदेपंडित तेव्हा होते, आणि १६५४ च्या अटी पाहता तिचा दावा निव्वळ बढाई ठरत नाही. परंतु दुसऱ्याच्या वाड्यात, आरोपीला बचावाची खरी संधी न देता तो हक्क बजावणे वेगळे. कायदा तिच्या बाजूने असेलही, लोकमत नव्हते. पॅरिसमध्ये तिचे स्वागत थंडावले आणि नेपल्सचा बेतही बारगळला.

त्यानंतर ती दोनदा स्वीडनला जाऊन आली, पोलंडच्या रिकाम्या गादीवरही हक्क सांगून पाहिला. हाती काही लागले नाही. रोममध्ये मात्र तिच्या वाड्यात विद्वानांच्या सभा भरत, तिच्या आश्रयाने नाट्यगृह उभे राहिले, आणि तिच्या संग्रहातील हस्तलिखिते पुढे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात गेली. १९ एप्रिल १६८९ रोजी ती वारली. आपले दफन साधेपणाने व्हावे अशी तिची इच्छा होती. पोपने ती बाजूला ठेवून राजेशाही अंत्ययात्रा काढली आणि तिला सेंट पीटर्सच्या तळघरात जागा दिली.