पहिल्या खोलीचा नळ

खडकवासल्यातून पाणी सोडलं की पुण्यातला भिडे पूल बुडतो आणि पाणी ओसरलं की नदीपात्रातल्या रस्त्यावर काळा, बुळबुळीत गाळ मागे राहतो. परवा त्यात स्कूटर घसरली आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. सडक्या अंड्याचा वास घरापर्यंत सोबत आला. शेजारचे काका म्हणाले, "वाहतं पाणी आहे हो, त्याला काय होतंय!"

पाणी वाहतं, काका. गाळ बसतो.

मुठेच्या याच गाळातला सगळा डीएनए पुण्यातल्या आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी वाचून काढला. निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. शहराच्या वरच्या अंगाच्या गाळापेक्षा शहरातल्या गाळात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांचं प्रमाण ३० पट जास्त होतं. आयसीयूत अगदी शेवटी काढतात त्या कार्बापेनेम प्रतिजैविकांना पुरून उरणारी जनुकंही त्यात होती. कारण साधं आहे. आपल्या पोटातले जिवाणू, त्यांची जनुकं आणि आपण घेतलेल्या औषधांचा उरलेला अंश, सगळं प्रक्रिया न केलेल्या मैलापाण्यातून नदीत येतं.

"गोळीची अंगाला सवय झाली" असं आपण सर्रास म्हणतो. अंगाला काही होत नाही. जिवाणूला बरेचदा नवीन जनुक मिळतं, आणि ते कसं मिळतं हा माझा आवडता विषय, म्हणून जरा दम धरा.

अनेक जिवाणूंच्या डीएनएत इंटेग्रॉन नावाची एक सोय असते. चाळीतली पाण्याची लाइन डोळ्यांपुढे आणा. एका टोकाला पंप, पुढे ओळीने खोल्या. पहिल्या खोलीत धो धो पाणी, शेवटच्या खोलीत करंगळीएवढी धार. इंटेग्रॉनमधला पंप म्हणजे प्रमोटर. खोल्या म्हणजे कॅसेट, एकेका कॅसेटमध्ये बहुधा एकच जनुक, आणि त्याला स्वतःचा पंप जवळजवळ कधीच नसतो. पंपाजवळच्या जनुकाचं काम जोरात चालतं, लांबचं नुसतं पडून राहतं. बाहेरून आलेली कॅसेट इंटिग्रेज हे विकर (एन्झाइम) थेट पहिल्या जागी बसवतं. त्यासाठी डीएनएचा एकच धागा सुटा होऊन स्वतःवर दुमडतो आणि विकर अक्षरांचा क्रम वाचण्यापेक्षा त्या घडीचा आकार ओळखतं. आता खरी गंमत. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाने डीएनए तुटू लागला की जिवाणूत धोक्याची घंटा वाजते, आणि त्याच घंटेने इंटिग्रेजही जागं होतं. मग शेवटच्या खोलीतलं जनुक उचलून पहिल्या खोलीत आणलं जातं. म्हणजे औषधच जिवाणूला अडगळ उपसायला लावतं! हा दुवा २००९ साली उघड झाला.

गाळात हे सगळं सोयीने जमतं. ग्रॅमभर गाळात जिवाणूंची संख्या अब्जाच्या घरात, तेही एकमेकांना चिकटून. इंटेग्रॉन बरेचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या कड्यावर, बसलेला असतो आणि प्लाझ्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जातं, जात वेगळी असली तरी. पेनिसिलिन पाण्यात लवकर मोडतं. सिप्रो मात्र मातीच्या कणांना धरून राहतं. ते जिवाणू मारण्याइतकं नसतं, पण प्रतिकारक्षम जिवाणूला वरचढ करायला फार थोडं पुरतं.

"नदीतले विषाणू जिवाणू खातात, म्हणून नदी आपोआप शुद्ध होते" हेही मोबाइलवर फिरत असतं. हँकिन या ब्रिटिश जिवाणूशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलराचे जंतू मरतात असं नोंदवलं होतं, ते खरं आहे. पण हे जिवाणूभक्षी विषाणू आपापल्या ठरावीक जिवाणूंनाच मारतात, आणि त्यांतले काही जाता जाता जनुकंही इकडून तिकडे नेतात. तिकडे चॅनेलवाल्यांना 'सुपरबग'ने उद्याच शहर रिकामं होईल असं वाटतं. तसंही नाही. धडधाकट माणसाचा पाय गाळात गेला आणि पायाला जखम नसेल, तर साबणाने धुतला की झालं.

मात्र मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, नदीचं पाणी उचलून कालव्यात सोडतात आणि ते पुढे शेतीला जातं. कोथिंबीर आपण शिजवत नाही.