चुकीच्या उत्तरामागचा नियम

०.३ आणि ०.१२५ यांतली मोठी संख्या कोणती, असं विचारलं की बरीच मुलं ०.१२५ वर बोट ठेवतात. ‘दशांश अपूर्णांक कच्चे’ असा शेरा पडतो, उजळणी होते आणि धडा पुढे सरकतो. पण ही मुलं अंदाजपंचे उत्तर देत नसतात. ३ पेक्षा १२५ मोठे, हा पूर्ण संख्यांमध्ये आजवर कधीच न चुकलेला नियम ती इथे लावत असतात. काही मुलांचा नियम याच्या नेमका उलटा असतो: दशांशापेक्षा शतांश लहान, शतांशापेक्षा सहस्रांश लहान, म्हणून जितके अंक जास्त तितकी संख्या लहान. असं मूल ०.३ मोठा म्हणतं आणि उत्तराला बरोबरची खूण मिळते. त्याच मुलाला ०.५ आणि ०.७३६ ही जोडी दिली, की ते ०.५ मोठा म्हणतं.

आता दहा जोड्यांची एक चाचणी घ्या. पाच पहिल्या प्रकारच्या, पाच दुसऱ्या प्रकारच्या. ‘लांब ते मोठं’ मानणाऱ्याला पाच गुण मिळतील, ‘लांब ते लहान’ मानणाऱ्यालाही पाचच. गुण सारखे, आजार उलटे आणि दोघांना औषध मात्र एकच, जास्तीचा गृहपाठ! त्याहून वाईट म्हणजे सरावासाठी ०.४७ आणि ०.३५ अशा सारख्या अंकांच्या जोड्याच दिल्या, तर दोघांनाही पैकीच्या पैकी गुण मिळतात.

१९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी वजाबाकीतल्या चुकांचा असाच माग काढला. ५२ − १७ = ४५ लिहिणारं मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतं. दुसरं एखादं मूल हातचा नीट घेतं, पण वर शून्य आलं की खालचा अंक तसाच उतरवतं. ६० − २४ दिलं तर दोघांचंही उत्तर ४४ येतं, म्हणजे या गणितावरून काहीच कळत नाही. ५२ − १७ मध्ये मात्र दुसऱ्याचं उत्तर ३५, म्हणजे बरोबर येतं आणि दोघं वेगळी पडतात. निदानासाठी प्रश्न निवडण्याची सगळी कला एवढ्यात आहे: प्रत्येक चुकीच्या नियमातून वेगळं उत्तर बाहेर पडलं पाहिजे.

दशांशांसाठी अशी चाचणी मेलबर्नमध्ये के स्टेसी आणि विकी स्टाइनली या संशोधकांनी विकसित केली. त्याच धर्तीच्या चार-पाच प्रकारच्या जोड्या कोणालाही फळ्यावर लिहिता येतील. ०.४ आणि ०.३७५, ०.५ आणि ०.७३६ या दोन जोड्या वर सांगितलेले दोन्ही गट उघड करतात. ०.२ आणि ०.०८ ही जोडी ‘लांब ते मोठं’ वाल्यांचीच आणखी फोड करते: काही जण ०८ म्हणजे ८ असं वाचतात, तर काहींना सुरुवातीच्या शून्याने संख्या लहान होते एवढं ठाऊक असतं. ४.४५ आणि ४.४५०२ इथे, दशांश म्हणजे पैशांसारखे दोनच अंक असं धरणारी मुलं अडतात. एरवी ती सगळं बरोबर सोडवतात. शेवटी ०.६ आणि ० ही जोडी जरूर द्या. शून्य मोठं म्हणणारं मूल सापडलं, तर ते दशांशांना ऋण संख्यांसारखं वागवतं आहे का हे विचारून पाहावं. प्रत्येक प्रकारच्या किमान तीन जोड्या हव्यात, कारण एकाच जोडीत नशीबही साथ देतं.

निदान झाल्यावर नियम पाठ करून घेण्यापेक्षा लांबी हाताळायला देणं उपयोगी पडतं. प्लास्टिकच्या पोकळ नळीचा १ मीटरचा तुकडा म्हणजे १. त्याच नळीचे १० सेंटिमीटरचे दहा तुकडे म्हणजे दशांश, १ सेंटिमीटरचे दहा म्हणजे शतांश आणि १ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याच्या भोक पाडलेल्या चकत्या म्हणजे सहस्रांश. हे सगळं सळईत ओवायचं. ०.१२५ म्हणजे एक मोठा तुकडा, दोन छोटे आणि पाच चकत्या. शेजारच्या सळईवर ०.३ चे तीन मोठे तुकडे. दोन्ही सळया एकाच फळीत रोवलेल्या असल्या, की न बघता बोट फिरवूनही फरक कळतो. अंध विद्यार्थ्यासाठी वेगळं साधन करावं लागत नाही.

यात एक हमखास होणारी चूक आहे. नळीवर सगळ्या खुणा एकदम करून कापायला घेतलं, तर करवतीचं पातं प्रत्येक कापाला १-२ मिलिमीटर खातं. मग छोटे दहा तुकडे जोडले तरी एक मोठा होत नाही, आणि नेमकं तेच तर दाखवायचं होतं. म्हणून प्रत्येक तुकडा नव्याने मोजून कापावा. दुसरी खबरदारी बोलण्यातली. आपण सर्रास ‘पॉइंट एकशे पंचवीस’ म्हणतो. सगळा घोळ त्या ‘एकशे पंचवीस’मध्ये आहे. ‘शून्य पॉइंट एक दोन पाच’ असं वाचावं.

विज्ञानातही चुकीच्या कल्पना अशाच नियमबद्ध असतात, फक्त तिथे त्यांना अनुभवाचा आणि भाषेचाही पाठिंबा असतो. बल्ब लागतो तेव्हा ‘वीज खर्च होते’ असं आपण म्हणतो. ऊर्जेबद्दल बोलताना ते चालून जातं, विद्युतधारेबद्दल नाही. बल्बच्या आधी जेवढी धारा, तेवढीच बल्बनंतर. मुलांना विचारलं तर चार चित्रं समोर येतात: एकच तार कामाची आणि दुसरी नावाला, दोन्ही टोकांकडून धारा येते आणि बल्बमध्ये आदळते, बल्बनंतर धारा कमी होते, किंवा दोन्हीकडे सारखीच असते. प्रयोगाआधी प्रत्येकाने यांपैकी एक निवडून कागदावर लिहावं. आधी न लिहिलेला अंदाज निकाल दिसल्यावर चटकन बदलतो आणि ‘मला माहीतच होतं’ होऊन जातो.

सामान मोजकं लागतं: १.५ व्होल्टचा सेल, २.५ व्होल्टचा तंतूचा बल्ब, तारा आणि धारा मोजणारे दोन अमीटर. एलईडी इथे चालत नाही. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात आणि उलटी जोडली तर ती लागतच नाही. तांब्याच्या चकचकीत तारेवर बहुधा इनॅमलचा लेप असतो. टोकं सँडपेपरने घासली नाहीत, तर सगळं बरोबर जोडूनही बल्ब लागत नाही. सेलची दोन टोकं तारेने थेट जोडली गेली तर सेल तापतो, ताबडतोब सोडवावा. लिथियमचे रिचार्ज होणारे सेल या प्रयोगात नकोतच.

एक अमीटर बल्बच्या अलीकडे, एक पलीकडे. धारा ०.२ अँपिअरच्या आसपास असते, म्हणून ०–५०० मिलिअँपिअरचा अमीटर घ्यावा. ०–३ अँपिअरवर काटा जेमतेम हलतो. खरा घात वेगळाच होतो. एका अमीटरचा काटा मुळातच शून्यावर नसतो, तो २१० दाखवतो आणि दुसरा १९०. ‘बघा, कमी झाली!’ ज्या कल्पनेला धक्का द्यायचा होता तिलाच पुरावा मिळतो. म्हणून जोडण्याआधी दोन्ही काटे शून्यावर आणावेत आणि वाचन झाल्यावर दोन्ही अमीटरच्या जागा अदलाबदल करून पुन्हा वाचावं. फरक अमीटरबरोबर गेला, तर दोष अमीटरचा.

प्रयोगाइतकीच त्यावरची चर्चा महत्त्वाची. हार्वर्डमध्ये एरिक मॅझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात एक पद्धत रुजवली: प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा निवडायचं. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तरच चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर आधी समजावून सांगावं, जास्त असतील तर पुढे जावं. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी सहा हजारांवर विद्यार्थ्यांच्या बलविषयक चाचण्या तपासल्या. जेवढी सुधारणा शक्य होती, त्यातली निव्वळ व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी २३ टक्के झाली, विद्यार्थ्यांना विचार करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के.

मतदान हात वर करून घेऊ नये. सगळे हुशार मुलाकडे बघतात. छातीजवळ बोटं धरून आकडा दाखवला तर फक्त शिक्षकाला दिसतो. अंध मूल वर्गात असेल, तर पर्याय मोठ्याने वाचावेत. कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या गटात एका वेळी एकानेच बोलावं आणि कारण पाटीवर लिहावं. घरची भाषा वेगळी असलेल्यांनी चर्चा हव्या त्या भाषेत करावी, निष्कर्ष तेवढा वर्गाच्या भाषेत सांगावा. प्रश्न विचारल्यावर किमान तीन सेकंद थांबावं. संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते.

मुलं नवा नियम शिकतात तेव्हा जुना पुसला जात नाही, नुसता मागे सरतो. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी घेतलेली चाचणी फसवी असते. तीन-चार आठवड्यांनी, दुसराच धडा चालू असताना, वजनं किंवा अंतरं देऊन तीच तुलना करायला लावावी: ०.८ किलोग्रॅम जास्त की ०.६२५ किलोग्रॅम?