स्वस्तात घेणं आणि काटकसर करणं: यातला फरक

काटकसरीनं राहायचं असं ठरवलं, त्या पहिल्याच महिन्यात मी एरवीपेक्षा जास्त खरेदी केली. जवळजवळ प्रत्येक वस्तू सवलतीत मिळाली होती, त्यामुळे दर वेळी आपण पैसे वाचवले असंच वाटत होतं. महिनाअखेरीस खात्यातली शिल्लक बघितली तेव्हा लक्षात आलं, की काटकसर झालीच नव्हती. मी नुसती स्वस्तात घेत सुटले होते. नव्यानं सुरुवात करणाऱ्या बऱ्याच जणांचा पाय इथेच घसरतो, म्हणून या दोन गोष्टी एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघाव्यात असं मला मनापासून वाटतं.

वस्तू स्वस्त की महाग हे विकत घेताना ठरतं. त्या दिवसापुरता तो प्रश्न संपतो. काटकसर झाली की नाही, याचा हिशेब मात्र ती वस्तू वापरून, दुरुस्त करून, शेवटी टाकून देईपर्यंत चालू राहतो. माझ्या प्रिंटरचंच उदाहरण घ्या. होते त्यातला सर्वांत स्वस्त मी उचलला. त्याच्यासोबत आलेली कार्ट्रिज पूर्ण भरलेली नव्हती, ती लवकर संपली. नव्या कार्ट्रिजच्या जोडीची किंमत प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जाणारी निघाली. त्यातून इंकजेट प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला की शाई वाळते, शाई सोडणारी तोंडं साफ करायला यंत्र स्वतःच शाई खर्च करतं, आणि मी तर महिन्यातून दोन-तीनच पानं छापत होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेवढी पानं बाहेरून छापून आणली असती तर वर्षानुवर्षं पुरतील इतके पैसे मी त्या ‘स्वस्त’ यंत्रात घातले.

मग स्वस्त दिसलं की हात आपोआप का पुढे जातो? रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये याचं फार नेमकं वर्णन केलं. (त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यांच्या म्हणण्यानुसार खरेदीतून आपल्याला दोन वेगळी समाधानं मिळतात: एक वस्तू उपयोगी पडल्याचं आणि दुसरं सौदा चांगला झाल्याचं. दुसरं समाधान वस्तूची गरज नसतानाही मिळतं. कपाटात लेबलासकट पडून राहिलेले कपडे हे बहुधा त्याच दुसऱ्या समाधानाचं फळ असतं.

आणि सौदा चांगला आहे हे आपल्याला कोण सांगतं? खोडलेली किंमत. १९७४ मध्ये आमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं एक चाक फिरवायचे. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था आधीच केलेली होती. मग विचारायचे, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? चाकाचा आणि उत्तराचा काडीचाही संबंध नव्हता. तरी १० बघितलेल्यांचा मधला अंदाज २५ टक्के आला आणि ६५ बघितलेल्यांचा ४५. आधी डोळ्यांसमोर आलेला आकडा मनाला खुंटीसारखा बांधून ठेवतो. ‘आधीची किंमत’ म्हणून खोडून दाखवलेला आकडा हेच काम करतो. आपण वस्तूची तुलना आपल्या गरजेशी करायची, ती त्या खोडलेल्या आकड्याशी करून बसतो.

सवलतीचा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. १०० ची वस्तू १० टक्के सवलतीत ९० ला मिळाली, पैसे क्रेडिट कार्डावर टाकले आणि बिल चार महिने तसंच राहिलं. व्याज महिना ३ टक्के असेल तर चक्रवाढीनं ते ९० चार महिन्यांत १०१ च्या वर जातात. म्हणजे सवलत गिळून वर आणखी थोडं गेलं. हाच दर वर्षभर चालू राहिला तर मूळ रकमेवर साधारण ४२.६ टक्के चढतात. म्हणून माझं ठाम मत आहे: कार्डावर थकबाकी असेल तर काटकसरीचं पहिलं काम ती फेडणं. त्याआधी सवलतींकडे बघूसुद्धा नये.

मोठ्या पॅकचंही असंच असतं. मोठी बाटली लहानीपेक्षा प्रमाणानुसार २० टक्के स्वस्त पडते असं धरा. त्यातला चौथा हिस्सा मुदत संपून फेकावा लागला, तर प्रत्यक्ष वापरलेला भाग लहान बाटलीपेक्षा जवळजवळ ७ टक्के महाग पडला. पूर्ण संपणार असेल तर मात्र मोठी बाटली खुशाल घ्यावी.

आता उलटी बाजू. कधी कधी काटकसर करायची तर घेताना जास्तच मोजावं लागतं. ६० वॅटचा जुना तारेचा दिवा देतो तेवढा उजेड साधारण ९ वॅटचा एलईडी देतो. रोज पाच तास दिवा लागत असेल तर वर्षाला सुमारे ९३ युनिट विजेचा फरक पडतो, तोही एकाच दिव्यामागे. शिवाय तारेचा दिवा साधारण १,००० तास चालतो, म्हणजे इतक्या वापरात तो वर्षात एकदा तरी बदलावा लागणार. रोज वापरायच्या वस्तूंना, म्हणजे चपला-बूट, गादी, बसायची खुर्ची, हाच विचार लावावा: किंमत भागिले किती वेळा वापरणार. १०० ची वस्तू १०० वेळा वापरून फाटली आणि ३०० ची ९०० वेळा टिकली, तर दर वापरामागे दुसरी एक तृतीयांश किमतीत पडली.

पण याचा अर्थ महाग तेच टिकाऊ असा मुळीच घेऊ नका. या नावाखाली स्वतःची समजूत घालत भरमसाट खर्च करणारेही मी पाहिले आहेत. शिवण उलटून बघा, वस्तू स्क्रूनं जोडलेली आहे की चिकटवलेली, सुटे भाग मिळतात का हे विचारा. ज्या वस्तूचं काम वर्षातून एकदा, त्याला कोणतीही किंमत जास्तच. भिंतीला दोन भोकं पाडायला ड्रिल मशीन विकत घेण्यापेक्षा शेजाऱ्याकडून तासाभरासाठी मागून आणलेलं बरं.

जिथे काहीच विकत घ्यायचं नसतं, तिथे ‘स्वस्त’ हा शब्दच लागू पडत नाही आणि काटकसर खऱ्या अर्थानं दिसते. नळातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला २० लिटरच्या वर पाणी वाया जातं. बऱ्याचदा नळाचा वायसर बदलला की काम होतं. उसवलेली शिवण वेळेवर घालणं, पंख्याची पाती पुसणं, सायकलच्या साखळीला तेल देणं, या कामांना कुणी सवलत देत नाही, त्यांची जाहिरातही येत नाही. मला हा भाग सगळ्यांत आवडतो. हाताशी असलेल्या वस्तूंबद्दल आपलेपणा वाटू लागतो.

या दोन्हींच्या शेजारी कंजूषपणा म्हणून तिसरी एक गोष्ट असते, तिच्याबद्दल एवढंच सांगते: आपले पैसे वाचताना त्याचा भार दुसऱ्यावर पडत असेल, कामाचा मोबदला कापून, उसनं घेतलेलं परत न देऊन, तर त्याला काटकसर म्हणू नये.

सुरुवात करायची तर पहिला महिना काहीही कापू नका. फक्त लिहा. वहीत, मोबाइलमध्ये, कुठेही, पण त्याच दिवशी. महिन्यानंतर सर्वांत मोठे तीन खर्च कोणते ते बघा. बहुतेक ठिकाणी घरभाडं, प्रवास किंवा हप्ते यांपैकी काहीतरी वर येतं. दात कोरून पोट भरत नाही. किरकोळ वस्तूंवर घासाघीस करण्यात जाणारी शक्ती या मोठ्या आकड्यांकडे वळवली तर फरक लवकर दिसतो. वापरात नसलेली मासिक वर्गणी एकदा बंद केली की पुढच्या प्रत्येक महिन्यात ती आपोआप वाचते, त्यासाठी रोज मनाला आवर घालावा लागत नाही.

दुसरं, घ्यावीशी वाटलेली वस्तू तारीख घालून यादीत लिहायची आणि ३० दिवस थांबायचं. घरात मोडलेलं, अडलेलं काही असेल तर ते लगेच घ्यावं, हा नियम हौशीच्या वस्तूंसाठी. किंमत लिहू नका, कशासाठी हवी ते लिहा. किंमत लिहिली की मन पुन्हा सौद्याकडे धावतं. माझ्या पहिल्या यादीत चौदा वस्तू होत्या. महिन्यानं वाचताना त्यातल्या पाच कशासाठी हव्या होत्या हे मला आठवेचना. सहा नकोशा वाटल्या. उरलेल्या तीन वस्तूंपैकी एक मैत्रिणीकडे पडून होती, ती तिनं दिली. एक मी जुनी पण चांगल्या स्थितीतली घेतली. आणि एक, पाठीला आधार देणारी खुर्ची, पूर्ण किमतीत, सवलतीची वाट न बघता घेतली. आत्ता तिच्यावरच बसून हे लिहिते आहे.