गोल शिक्क्यातली ओळ: साताऱ्याच्या गादीपासून महाराष्ट्र शासनापर्यंत

‘गोल शिक्का मारून आणा’ हे वाक्य साताऱ्यातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत दिवसातून दहादा कानावर पडते. शिक्का उमटला की कागद घडी करून पिशवीत जातो. त्यामुळे महाराष्ट्र शासनाच्या गोल बोधचिन्हात दिवा आणि कमळांभोवती बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, ते फार थोड्या जणांनी वाचलेले असते. तिथे एक पूर्ण संस्कृत श्लोक आहे:

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता ।
महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते ॥

प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, साऱ्या विश्वाने वंदिलेली महाराष्ट्र राज्याची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते आहे, असा त्याचा अर्थ. शाळेत शिवचरित्र वाचलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल, कारण चारांपैकी तीन चरण शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतले जसेच्या तसे आहेत. मूळ मुद्रेत तिसरा चरण ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ असा होता, म्हणजे शहाजीचा पुत्र शिवाजी याची ही.

त्या काळी दख्खनेत मुद्रा फारसीत असायच्या. खुद्द जिजाबाईंची मुद्राही फारसीत होती. अशा वेळी संस्कृत श्लोक निवडणे हीच मोठी घोषणा होती. रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला म्हणून त्याला शिक्षा फर्मावणाऱ्या 1646 च्या पत्रावर ही मुद्रा आहे. महाराज तेव्हा सोळाच्या आसपासचे. प्रतिपदेची कोर डोळ्यांना जेमतेम दिसते, आपण पाहतो ती बहुधा बीजेची. मावळातल्या थोड्या गावांवर ज्याचा अंमल चालतो, त्याने स्वतःसाठी पौर्णिमेचा चंद्र न घेता प्रतिपदेची रेघ घ्यावी, याचे मला दर वेळी नवल वाटते. आणि ‘भद्राय’ म्हणजे काय, याचे उत्तर त्याच पत्राच्या मजकुरात आहे.

अशा पत्राच्या माथ्यावर ही अष्टकोनी मुद्रा उमटे आणि मजकूर संपला की खाली दुसरी, लहान मुद्रा: ‘मर्यादेयं विराजते’. इथे मर्यादा झाली, याखाली कोणी अक्षर वाढवायचे नाही. वरचा तो शिक्का, खालचे ते मोर्तब. आपण रोजच्या बोलण्यात ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो, ते या दोन ठशांवरूनच. पेशव्यांच्या पत्रांत शेवटी ‘लेखन सीमा’ येई, काम तेच.

साताऱ्याचा या परंपरेशी संबंध सुरू होतो तो शाहू महाराजांपासून. मोगलांच्या कैदेतून 1707 मध्ये सुटून आलेल्या शाहूंचा 12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला. त्यांच्या मुद्रेची पहिली ओळ अशी:

वर्धिष्णुर्विक्रमे विष्णोः सा मूर्तिरिव वामनी

विष्णूच्या वामनमूर्तीसारखी, पावलागणिक वाढत जाणारी. ‘विक्रम’ म्हणजे पराक्रम आणि पाऊलही, हा श्लेष मुद्दाम साधलेला. आजोबांच्या मुद्रेतला ‘वर्धिष्णु’ हा शब्द नातवाने उचलला, पण चंद्रकोरीच्या जागी तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा बटू आणला. पुढच्या ओळीत ही शंभुपुत्र शिवराजाची मुद्रा आहे असे म्हटले आहे, कारण शाहूंचे मूळ नाव शिवाजीच. आता त्या वेळची परिस्थिती पाहा. ताराबाईंनी राजारामांच्या मृत्यूनंतर आपल्या मुलाला गादीवर बसवले होते आणि त्याचेही नाव शिवाजी. एकाच वेळी दोन शिवाजी आणि दोघांचा दावा एकाच गादीवर. अशा वेळी ‘शंभुसूनोः’ हा शब्द माझ्या मते त्या मुद्रेतला सर्वांत जड शब्द आहे. वारसाचा सगळा वाद त्या चार अक्षरांत सोडवलेला आहे.

पुढे कारभार पुण्याला गेला, पण पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव आणि मग स्वतःचे, हा क्रम मोडला नाही. ‘राजा शाहू नरपति हर्षनिधान’ आणि त्यानंतर बाजीराव बल्लाळ प्रधान. शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांच्या काळात ‘राजाराम नरपति हर्षनिधान’ आले. साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आल्याशिवाय पुण्यात पेशवा होत नसे, तसेच हे. 1848 मध्ये इंग्रजांनी सातारचे राज्य खालसा केले आणि इथल्या कागदांवरून ही संस्कृत अक्षरे गेली.

स्वतंत्र भारताने 26 जानेवारी 1950 ला सारनाथच्या सिंहांखाली ‘सत्यमेव जयते’ हे मुंडक उपनिषदातले वचन घेतले. मूळ अशोकस्तंभावर हे शब्द नाहीत, ते आपण जोडले. राज्यांनी आपापल्या वाटा धरल्या. तामिळनाडूने तेच वचन तमिळमध्ये लिहिले. शेजारच्या गोव्याने ‘सर्वे भद्राणि पश्यन्तु’ घेतले, म्हणजे ‘भद्र’ तिथेही आहेच. नौदलाने 2022 मध्ये नवा ध्वज घेतला, त्यात शिवमुद्रेचा अष्टकोन आहे, पण बोधवाक्य ‘शं नो वरुणः’ हेच राहिले.

1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण इथलेच, जन्म देवराष्ट्र्याचा आणि जडणघडण कऱ्हाडची. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. तो जिल्हाही 1949 पासून ‘दक्षिण सातारा’ म्हणून चालत होता, त्याला सांगली हे नाव 21 नोव्हेंबर 1960 ला मिळाले.

या नव्या राज्याच्या मुद्रेत फक्त तिसरा चरण बदलला. हा श्लोक अनुष्टुभ छंदातला, त्याच्या एका चरणात आठ अक्षरे लागतात, पाचवे लघु आणि सहावे गुरू. ‘शाहसूनोः शिवस्यैषा’ मोजून पाहा, मग ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ मोजा. दोन्ही बरोबर बसतात, म्हणून म्हणताना जोड कुठे आहे ते कळत नाही. बाप आणि मुलगा यांची नावे होती त्या जागी आता राज्य आहे. मूळ चरणाच्या शेवटी एक ‘एषा’ होता, ‘ही’, बोट ठेवून दाखवल्यासारखा. तो नव्या चरणात मावला नाही. चौथा चरण मात्र रांझ्याच्या पत्रावर होता तसाच आहे: मुद्रा भद्राय राजते.