वॉकिंग फूट की फ्री मोशन फूट: कापड सरकवतंय कोण?

घरच्या शिलाई मशीनवर क्विल्टिंग, म्हणजे थरांवर टिपा घालून गोधडी शिवणं, शिकायला बसलं की पहिला गोंधळ उडतो तो फुटांपाशी, म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या भागांपाशी. वॉकिंग आणि फ्री मोशन, दोन्ही क्विल्टिंगचेच, त्यामुळे एकावर दुसऱ्याचं काम भागेल असं वाटतं. तसं भागत नाही. एकात कापड मशीन सरकवतं, दुसऱ्यात तुमचे हात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची सेटिंग्ज पाठ करावी लागत नाहीत.

मुळात वेगळा फूट लागतो कशाला? सुईखाली तीन थर असतात: वरचं जोडकाम, मधलं बॅटिंग म्हणजे मऊ भरण, खालचं अस्तर. मशीनचे दाते फक्त खालच्या थराला धरून मागे नेतात. वरचं कापड साध्या फुटाखाली अडतं, हळूहळू पुढे साचतं आणि टीप आडव्या जोडावर पोचली की तिथे चुणी पडते.

वॉकिंग फूट हा यावरचा इलाज. त्याच्या तळाला स्वतःचे दाते असतात आणि बाजूला एक दांडा. हा दांडा सुई घट्ट करायच्या स्क्रूवर बसवायचा. सुई वर-खाली झाली की तो हलतो आणि वरचे दाते खालच्या दातांच्या जोडीने पाऊल टाकतात. दांडा स्क्रूवर नसेल तर फूट लावूनही उपयोग नाही. टाका 2.5 ते 3 मिलिमीटर ठेवा. सरळ रेघा आणि लाटेसारखी हलकी वळणं छान येतात. शेजारशेजारच्या रेघा एकाच दिशेने घाला. एक वरून, एक खालून असं केलं तर दोन टिपांमधलं कापड तिरकं ओढलं जातं. छोटी गोल नक्षी मात्र याने करू नये, कारण प्रत्येक वळणाला अख्खी गोधडी फिरवावी लागते.

ती नक्षी फ्री मोशन फुटाची. इथे खालचे दाते उतरवायचे किंवा झाकायचे, आणि कापड हाताने हवं तिकडे न्यायचं, अगदी मागे आणि आडवंसुद्धा. टाक्याची लांबी आता मशीनवरच्या आकड्यावर नाही, पायाचा वेग आणि हाताचा वेग यांच्या मेळावर ठरते. खरा सराव तोच. हात संथ आणि मशीन जोरात, तर टाके बारीक आणि गच्च होतात. वळणावर हात पुढे धावला, तर वरचा दोरा खाली ओढला जातो आणि अस्तराच्या बाजूला पापण्यांसारखे दोरे दिसतात. असं दिसलं की बहुतेकजण आधी टेन्शन, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचं बटण, फिरवतात. मी म्हणेन, आधी वळणावरचा हात आवरा.

माझ्या पहिल्याच तुकड्यावर अस्तराखाली दोऱ्याचा हा एवढा गुंता झाला होता. कारण साधं होतं: हा फूट कापडाला घट्ट दाबत नाही, म्हणून फूट वर-खाली करायची मशीनची दांडी खाली करायची राहूनच गेली होती. दांडी वर असेल तर वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही. तेव्हापासून मी आधी दांडी खाली करते, मग एक टाका घालून बॉबिनचा, म्हणजे खालच्या रिळाचा, दोरा वर ओढून घेते, दोन्ही दोरे बोटांत धरते आणि मगच पायडल दाबते.

पहिली गोधडी वॉकिंग फुटानेच करावी, असं माझं ठाम मत आहे. मधल्या रेघेपासून सुरुवात करून कडेकडे जायचं. फ्री मोशनसाठी तळहाताच्या दुप्पट आकाराचे तीन थरांचे तुकडे बाजूला ठेवा, रोज थोडा वेळ त्यांवर हात फिरवा, आणि प्रत्येक तुकडा उलटा करून बघा, कारण चूक आधी मागच्या बाजूलाच दिसते.

फूट विकत घेताना मशीनची शँक, म्हणजे फूट जिथे बसतो तो दांडा, लो (आखूड) आहे की हाय (उंच), ते आधी पाहून घ्या. चुकीच्या शँकचा फूट नीट बसत नाही.